छपाईस तयार

करार एकोणीस पानांचा, पुस्तिका सोळा पानांची.
विनिपेगच्या लेना फ्रीसननं करार दोनदा वाचला,
पुस्तिका एकदाही नाही.
ती ज्या लिपीत होती
ती लिपी तिला नुसती दिसत होती:
त्रिकोण, गळ, अर्ध्यात सोडलेल्या घड्या,
अक्षराच्या खांद्याशी चिकटलेलं बारकं अक्षर,
आणि काहींच्या डोक्यावर एक टिंब.

विषय: समुद्रावरचा बर्फ, पाऊल टाकण्याआधी.
मागणी: उत्तरेकडच्या सरकारची.
पुरवठादार: सगळ्यांत कमी दराची, म्हणजे ती.

कलम चार. फाइल छपाईस तयार असावी.
फॉन्ट सगळे फाइलच्या पोटात असावेत.
काळा म्हणजे काळाच,
चार रंगांनी संगनमत करून केलेला नव्हे.
चित्रानं कडेपाशी थांबू नये,
तीन मिलिमीटर बाहेर जावं,
कापून टाकण्यासाठीच.
हे वाक्य लेनाला आवडायचं.
एवढ्या सरकारी कागदात ही एकच जागा,
जिथे वाया जाणं आधीच मंजूर आहे.

गुरुवारी, पाचला दहा कमी,
तपासणीनं हिरवी खूण दिली.
त्रुटी: शून्य.
तिनं फाइल पाठवली, कॉफीचा कप धुतला,
खिडकीबाहेर उणे एकतीस होतं.

सोमवारी फोन. इकालुइटहून, भाषांतर विभागातून,
सिआसी काउनाक.
"टिंबं कुठे गेली?"
"कुठली टिंबं?"
"बाराव्या पानावरच्या चौकटीतली. तक्त्याखाली.
टिंब असलं की स्वर लांबतो.
नसलं की शब्द दुसऱ्याच घरात शिरतो.
आणि हे बर्फाबद्दल आहे, बाई."

ध चा मा करणारं इथे कुणी नव्हतं.
कुणाच्या मनात काळं नव्हतं, हातात बोरूही नव्हता.
दोन फॉन्टांचं नाव एकच होतं,
एवढंच.

कलम चौदा. मंजुरीनंतरचे बदल
पुरवठादाराच्या खर्चानं.
एकोणीस पानांत कुठेच नव्हतं
की पाठवण्याआधी
फाइल कुणीतरी वाचलेली असावी.

मग रात्री, पोरं झोपल्यावर, सिआसी फोनवर
आणि लेना पडद्यापाशी, नाक काचेला टेकेल इतकी.
"तिसरी ओळ. पाचवं. हो.
नाही, त्याच्या शेजारचं."
आवाज उपग्रहाला वळसा घालून यायचा,
अर्धा सेकंद उशिरा,
दोघींचे होकार मध्येच एकमेकांवर आपटायचे
आणि दोघी गप्प, मग पुन्हा दोघी एकदम.
चाळिसाव्या टिंबाच्या सुमारास
सिआसीनं सांगायच्या आत लेना म्हणाली, "इथे?"
दोनदा बरोबर आलं.
तिसऱ्यांदा सिआसी इतकी हसली
की तिकडे एक मूल उठलं.

पंच्याहत्तर टिंबं.
बिलात तिनं लिहिलं: किरकोळ दुरुस्ती.
समोर एक रक्कम टाकली, खोडली,
शून्य टाकलं, तेही खोडलं,
अखेर ओळच काढली.
विलंबाबद्दल दोन टक्के त्यांनी कापले,
पत्र अगदी सभ्य होतं.

मार्चअखेर टपालानं एक प्रत आली.
कडा स्वच्छ. निळा रंग थोडा थकलेला,
पण ते छापखान्याचं कलम, तिचं नव्हे.
तिनं बारावं पान उजेडात धरलं,
बोटानं टिंबं मोजायला घेतली,
छपन्नपर्यंत गेली, दाराची बेल वाजली.

सोबत सिआसीची चिठ्ठी, घाईतल्या अक्षरात:
माझ्या मामानं तक्ता घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.
टिंबं ठीक आहेत म्हणाला.
नोव्हेंबरचा आकडा मात्र चूक आहे.
त्याच्या लहानपणी बरोबर होता.
पुढच्या आवृत्तीत बघाल का?

लेनानं संगणक लावला, फाइल उघडली,
तपासणीचं बटण दाबलं.
खूण अजून हिरवीच.